लंडनचा कौल

शुक्रवारी दुपारी तीनला लंडन बोलणार होतं. त्यामुळे कुवेतमधल्या अर्दियाच्या घरात जेवणं अडीचच्या आत उरकायची, असा हारूनभाईंचा हुकूम जुम्म्याच्या नमाजाला निघतानाच सुटला होता. फखरुन्निसानं तो ऐकला, मान डोलावली आणि झुबैदीचे तुकडे आपल्या वेळेनं तव्यात सोडले. इथली झुबैदी म्हणजे हर्णैचं पापलेटच, फक्त इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर आलेलं.

बाहेरच्या खोलीत दोघे मुलगे येऊन बसले होते, पण एकमेकांकडे पाठ येईल अशा बेतानं. थोरला सर्फराज कुवेत सिटीत एका कंपनीत इंजिनियर. त्याची बायको हुस्ना इस्पितळात नर्स, रात्रपाळी करून थेट सासरच्या जेवणाला आलेली. धाकटा तल्हा अब्बासियात चार मित्रांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचा आणि त्याला दर दोन वर्षांनी नवा धंदा सुचायचा. गेल्या शुक्रवारी हारूनभाईंच्या पडद्यांच्या दुकानावरून दोघांची जुंपली होती, तेव्हा ताटं अर्धी टाकून दोघेही निघून गेले होते. आज पुन्हा आले ते अम्माच्या हातच्या माशासाठी नव्हे, हे फखरुन्निसाला कळत होतं.

दुकानाला गिऱ्हाईक आलं होतं. हवल्लीचा एक व्यापारी बावीस हजार दिनार द्यायला तयार होता आणि त्याला उद्या दुपारपर्यंत होय-नाही हवं होतं. सर्फराजला त्या पैशांत लेस्टरमध्ये फ्लॅट घ्यायचा होता. त्याची मुलगी जवेरिया तिथं शिकत होती. एक खोली तिला, बाकीच्या भाड्यानं. तल्हाला त्याच पैशांत स्वयंपाकघर टाकायचं होतं, अब्बासियातून कामाला जाणाऱ्या बसभर माणसांना डबे पुरवायला. दोघांचं दुकान विकण्यावर एकमत होतं, विकल्यानंतरच्या कुठल्याच गोष्टीवर नव्हतं. आणि दुकान गेलं की हारूनभाईंचा इकामा जाणार, त्याच्यामागून बायकोचा जाणार, आणि दोघं म्हातारी हर्णैला जाणार. त्याला कोणाचीच हरकत नव्हती. अम्माला गावी जायचंच आहे, हे या घरात सगळ्यांना पक्कं माहीत होतं. फखरुन्निसा सोडून.

तिला जायचं नव्हतं. हर्णैच्या घराला कुलूप होतं, बहीण मातीआड गेली होती आणि भाचे मुंबईला. तिथं ती बोलणार कोणाशी, भिंतींशी? इथं गुरुवारची बायकांची बैठक होती. समोरच्या दारात लातूरची प्रेमा होती, जिच्याकडून ती ठेचा शिकली होती आणि जिला तिनं सांदण शिकवलं होतं. फखरुन्निसाची साखर किती वर गेली की काय करायचं हे दवाखान्यातल्या डॉक्टरला कागद न बघता ठाऊक होतं. कोणी विचारलं असतं तर हे सगळं तिनं सांगितलं असतं. पण या घरात विचारायचं ते लंडनला.

त्याचं मूळ नव्वद सालात होतं. ऑगस्टच्या त्या सकाळी शेजारच्या देशाचं सैन्य घुसलं, कुवेतचं रेडिओ स्टेशन गप्प झालं, शेजारीपाजारी जो तो वेगळी अफवा सांगू लागला, आणि हारूनभाईंच्या काळ्या ट्रान्झिस्टरवर फक्त लंडनचा एक शांत माणूस खरं काय ते सांगत राहिला. कोणता रस्ता उघडा आहे, सीमेवर काय चाललंय, सगळं. त्याच्या शब्दावर त्यांनी दोन पोरं, एक पेटी आणि पाण्याचे कॅन घेऊन वाळवंटापलीकडचं अम्मान शहर गाठलं आणि जिवंत घरी पोहोचले. त्या उपकाराची आठवण फखरुन्निसालाही होती. पण उपकाराला काही मुदत असावी, असं तिला वाटायचं. हारूनभाईंनी मात्र दुसऱ्या वर्षी कुवेतला परतताना ट्रान्झिस्टर छातीशी धरून आणला आणि पुढची सगळी वर्षं त्या शांत माणसाला, आणि तो निवृत्त झाल्यावर त्याच्या गादीवर आलेल्या प्रत्येकाला, विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही.

आता लंडन काही अर्दियासाठी बोलत नव्हतं. ते आपल्या लोकांशी त्यांच्या पगाराचं, पेन्शनचं, घरपट्टीचं बोलायचं. हारूनभाई ते सगळं अंगाला लावून घ्यायचे. तिकडे थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च वाढला तेव्हा त्यांनी इथल्या खिडक्यांना फोमच्या पट्ट्या ठोकल्या. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री होते. तिकडच्या बँकेनं व्याजदर वाढवला म्हणून सर्फराजचं लग्न सहा महिने पुढे गेलं. सोन्यावर व्याज मिळत नाही, असं एका तज्ज्ञानं ऐन ईदच्या आठवड्यात सांगितलं आणि फखरुन्निसाच्या ठरलेल्या पाटल्या राहून गेल्या. तेव्हापासून सोन्याचा भाव कितीतरी पट झाला होता आणि ती तो अधूनमधून न्याहारीच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायची. फोमच्या पट्ट्यांनी धुळीच्या वादळात घरात वाळू कमी यायची, एवढं मात्र तिनं न्यायानं मान्य केलं होतं.

"अम्मा, किती वेळ?" तल्हानं आत डोकावून विचारलं. "अब्बा फोनवर रेडिओ लावून बसलेत. अजून बातम्याच चालल्यात."

"काय म्हणतायत बातम्या?"

"कोणी मंत्री आहे. त्याला एकच प्रश्न चौथ्यांदा विचारतायत."

"दिलंन उत्तर?"

"नाही."

"मग बसा जेवायला. अजून वेळ हाय," ती म्हणाली.

जेवताना कोणी दुकानाचं नाव काढलं नाही. हारूनभाईंनी तिकडच्या अर्थमंत्र्यानं अंदाजपत्रकात काय घोळ घातला ते सांगितलं, त्यांना इथल्या मंत्र्याचं नाव विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. सर्फराजनं माशाचा काटा काढता काढता घड्याळ पाहिलं. तल्हानंही पाहिलं. फखरुन्निसाच्या मनात पाल चुकचुकली. हारूनभाईंनी लंडनला पत्र टाकल्याचं तिला ठाऊक होतं, आठवडाभर ते कोणाला सांगायचं नाही असं ते सगळ्यांना सांगत होते. पण मुलांना रेडिओची एवढी ओढ कधीपासून लागली?

तीन वाजले. हारूनभाईंनी मोबाईल टेबलावर मधोमध ठेवला, शेजारी मान म्हणून जुना ट्रान्झिस्टर ठेवला, आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"पैशाच्या सल्ल्याला आज प्रॉक्टरसाहेब आहेत," ते म्हणाले. "ते जे सांगतील ते मना कबूल. तुम्हालाही कबूल असायला पाहिजे."

"हो अब्बा," सर्फराज म्हणाला.

"एकदम कबूल," तल्हा म्हणाला. इतकं एकमत या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

फखरुन्निसा ओट्याशी सांदणाच्या वाट्या उपड्या करत उभी राहिली. दार उघडंच होतं. ती उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली होती आणि इंग्रजीत तिला दुकानात धड कांदेही मागता येत नसत, त्यामुळे रेडिओ तिच्यासाठी नाही हे घरात गृहीत होतं. पण तीसेक वर्षं तो तिच्याच स्वयंपाकघरात वाजला होता. भात शिजत असताना, मासे साफ करताना, पोरांच्या आजारपणात. कांदे मागता येत नसले तरी पेन्शन म्हणजे काय, वारसा कर कधी लागतो, आणि भाड्यानं द्यायला घर घेणाऱ्याची कुठे फसगत होते हे तिला हळूहळू समजू लागलं होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर परीक्षा घेतली असती.

निवेदिका हसऱ्या आवाजाची होती. आधी एका बाईच्या बचतीचं झालं, मग रेल्वेच्या भाडेवाढीचं. मग ती म्हणाली, या आठवड्यात आमच्याकडे एक गंमतच आली आहे. लेस्टरच्या एकाच पत्त्यावरून तीन पत्रं आली आहेत, तिन्ही कुवेतमधल्या एका पडद्यांच्या दुकानाबद्दल.

हारूनभाईंनी एक बोट वर केलं होतं, ते तसंच राहिलं.

"तीन?" ते म्हणाले.

निवेदिकेनं पहिलं पत्र वाचलं. लिहिणारा एकाहत्तर वर्षांचा जुना श्रोता होता. त्याचे दोन्ही मुलगे चांगले होते, पण दुकान चालवण्याची अक्कल देवानं दोघांनाही दिली नव्हती. तेव्हा पैसे कोणाच्या हाती दिले तर कमी बुडतील? ता.क. म्हणून पुढं होतं, माझ्या पत्नीला गावी परतायची फार ओढ आहे.

"अब्बा," सर्फराज म्हणाला.

"ऐक आधी."

दुसऱ्या पत्रात एक नोकरदार मुलगा होता. त्याच्या वडिलांना वयामुळे आताशा गोंधळ होतो, धाकट्या भावाच्या हाती पैसा टिकत नाही, तेव्हा वडिलांच्या वतीनं इंग्लंडमध्ये मालमत्ता घेणं सुरक्षित ठरेल का? आई गावाच्या आठवणीनं झुरते आहे. तिसऱ्या पत्रात एक तरुण उद्योजक होता. थोरल्या भावाचा वाटा त्याच्या मुलीच्या फीमधून केव्हाच पोहोचला आहे, आता कायद्यानं त्याला पुन्हा मागता येईल का? आईचं सगळं लक्ष गावाकडं लागलं आहे.

फखरुन्निसाच्या हातातली वाटी तशीच राहिली. तीन पत्रांत तीन वेळा अख्ख्या विलायतेला सांगून झालं होतं की तिला घरी जायचंय. आता तिकडच्या स्वयंपाकघरांतून उभ्या असलेल्या बायकांनाही ते ठाऊक झालं होतं. तिला आधी हसू आलं, मग तिनं ती वाटी जरा जोरातच उपडी केली.

बाहेर भडका उडालाच होता.

"मला गोंधळ होतो?" हारूनभाई म्हणाले. "कोणत्या बाबतीत गोंधळ होतो ते सांग."

"आणि मला अक्कल नाही, हे तुम्ही परदेशात कळवलंत," सर्फराज म्हणाला.

"दोघांनाही नाही म्हटलंय. तल्हालाही धरलंय."

"वाटा पोहोचला म्हणजे काय रे?" हुस्ना दिराकडे वळली. तिचे डोळे झोपेनं लाल झाले होते. "जवेरियाची पहिल्या वर्षाची फी मी भरलीये. डबल ड्यूट्या करून. अब्बांचा एक फिल्स नाही त्यात."

"भाभी, भाईंनी माझ्याबद्दल काय लिहिलंय ते नाही ऐकलंत?"

"ऐकलं. तुझ्या भावाचंही ऐकलं आणि सासऱ्यांचंही. मला तर फ्लॅट घेऊ या एवढंच सांगितलं होतं," हुस्ना म्हणाली आणि खुर्ची नवऱ्यापासून हातभर लांब ओढून बसली.

सर्फराजनं टेबलाखाली लेकीला फोन लावला होता, तो त्याच्या हातून स्पीकरवर गेला.

"बाबा, आय ॲम इन द लायब्ररी," जवेरिया कुजबुजत म्हणाली.

"तिन्ही पत्रं तू पाठवलीस?"

"ऑफकोर्स. त्यांना यूकेचा पोस्टकोड लागतो. तुम्ही तिघांनीही मला सांगितलंत, कोणाला सांगू नको. सो आय डिडन्ट. मी कोणाचंच कोणाला सांगितलं नाही."

"पण एकाच पत्त्यावरून पाठवायची?" तल्हा कळवळून म्हणाला.

"माझा एकच पत्ता आहे, काका." मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "दादीनं तेवढं काही सांगितलं नाही. शी नेव्हर आस्क्स मी फॉर एनिथिंग." आणि फोन बंद झाला.

"गप्प बसा सगळे," हारूनभाई म्हणाले. "साहेब बोलतायत."

प्रॉक्टरसाहेबांनी घसा खाकरला. ते म्हणाले, मला या तिघांना निराश करावं लागणार. आमचा सल्ला फक्त इथल्या, या देशात राहणाऱ्या श्रोत्यांसाठी असतो. कुवेतचे कायदे मला माहीत नाहीत, तिथला बाजार माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर पडद्यांतलं मला काही कळत नाही. त्यांनी तिथलाच एखादा माणूस शोधावा, ज्याला या सौद्यात दलाली मिळणार नाही आणि ज्याचा काही स्वार्थ असेल तर तो आधीच उघड सांगेल. आणि हो, तिन्ही पत्रांत एक बाई आहेत ज्यांना घरी जायचं आहे म्हणतात. मी त्यांच्या जागी असतो तर ते बाईंकडून लेखी घेतलं असतं. निवेदिका हसली आणि गाड्यांच्या विम्याकडं वळली.

हारूनभाई मोबाईलकडे बघत राहिले. पस्तीस वर्षांच्या श्रोत्याला लंडननं आपण ओळखत नसल्याचं सांगितलं होतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला, आणि फखरुन्निसाला त्यांची दया आली, तिचं तिलाच नवल वाटावं एवढी.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "काय म्हणाले साहेब?" तिनं विचारलं.

"काही नाही अम्मा," सर्फराज घाईनं म्हणाला. "वकील बघा म्हणाले. इथलाच कोणीतरी."

"ता नाय म्हणाले."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"वकिलाचं नाव नाय घेतलंन त्यांनी. दलाली न खाणारा माणूस बघा म्हणाले. आणि बाईकडना लेखी घ्या म्हणाले. ता तू गाळलंस."

तल्हाचं तोंड उघडं राहिलं. "अम्मा, तुला इंग्लिश येतं?"

"येत नाय. समजतं." ती खुर्ची ओढून बसली. जेवण्यापुरती सोडली तर या टेबलाशी ती कधी बसली नव्हती, त्यामुळे खुर्ची कोणाची हे ठरायला जरा वेळ लागला. "लेस्टरचा फ्लॅट म्हणतोस, सर्फराज. भाड्यानं द्यायला घरं घेणारे तिकडं विकून मोकळे होतायत, हे तुझ्या अब्बांचा रेडिओ चार वर्षं बोलतोय. कर वाढलान, नियम वाढलेत. पोरीला भाड्याची खोली स्वस्त पडेल."

हुस्नाला हसू फुटलं. ते दाबायचा तिनं फारसा प्रयत्न केला नाही.

"आणि तू," फखरुन्निसा तल्हाकडं वळली, "तुना भात लावता येत नाय. डब्यात काय घालशील?"

हारूनभाई इतका वेळ बायकोकडे पाहत होते. मग ते उठले, बिलबुकं ठेवायच्या खणातून दुकानाचं पॅड आणि पेन घेऊन आले आणि तिच्यापुढं ठेवले. साहेबांनी सल्ला द्यायला नकार दिला होता, पण जाता जाता एक गोष्ट करायला सांगितली होती, आणि सांगितलेलं न करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"दे लिहून," ते म्हणाले. "लेखी पाहिजे म्हणाले."

"अब्बा, याची काय गरज आहे?" सर्फराज म्हणाला. "अम्माला जायचंय हे आपल्याला माहीतच आहे."

"दे लिहून," हारूनभाई पुन्हा म्हणाले.

तिनं पेन घेतलं. बोटांना मिठाचा आणि नारळाचा वास होता. एवढ्या वर्षांत किराणा मालाच्या यादीपलीकडं तिनं काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे अक्षरं सावकाश आली, उजवीकडून डावीकडं, उर्दू शाळेत घोटलेली. एकच ओळ होती. तिनं कागद फाडून नवऱ्याकडं सरकवला.

हारूनभाईंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "मना हितून जायचं नाय."

फोनवर गाडीच्या विम्याचं चालू होतं, ते हुस्नानं हात लांब करून बंद केलं.

"पण तू तर रोज गावाचं नाव काढतेस," हारूनभाई म्हणाले.

"नाव काढते. जायचं म्हणाले कधी?"

हारूनभाई पुन्हा कागदाकडं बघत होते. तिच्या लक्षात आलं की ते अक्षर ओळखायचा प्रयत्न करतायत. लग्नानंतरची सहा वर्षं ते इथं एकटे होते, माळ्यावर सहा जणांत झोपायचे, आणि तिची पत्रं हर्णैहून पंधरा दिवसांनी यायची. ती सगळी त्यांच्या पेटीत अजून होती. नव्वद साली पळताना कपडे टाकून ती घेतली होती.

"दर पत्रात एकच लिहायचीस," ते हळू म्हणाले. "मना तिकडं न्या, मना तिकडं न्या."

"मग? तवा न्या लिहिलं होतं. परत न्या, असं कुठल्या पत्रात लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढला. पुसायला सदऱ्याचं टोक धरलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

"अम्मांनी मला तरी सांगायचं," हुस्ना म्हणाली.

"तू विचारलंस?" फखरुन्निसा म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणून हुस्नाला ते जास्त लागलं. तिनं सासूच्या पुढ्यात सांदणाची पहिली वाटी ठेवली आणि त्यावर नारळाचं दूध स्वतः ओतलं.

"हा माझा स्वार्थ," फखरुन्निसा म्हणाली, "तो आधी सांगितला, साहेब म्हणाले तसा. आता सल्ला. दुकान विकू नका. दर उन्हाळ्यात अर्धं अर्दिया घर बदलतं, आणि पडद्याशिवाय कोणी राहत नाय. पाठ दुखते तुमची, तर शिडीवर तल्हाला चढवा. दोन वर्षं चढला तर त्याला माप घेता येईल, मग धंद्याचं बघू."

तल्हानं मान वर करून खिडकीवरच्या पडद्याची दांडी न्याहाळली. सर्फराजनं लेस्टरच्या फ्लॅटचा फोटो असलेला फोन उलटा करून ठेवला.

हारूनभाईंनी कागदाची घडी घातली आणि ती खिशात, पासपोर्ट ठेवायच्या आतल्या खिशात, सरकवली. मग त्यांनी हवल्लीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. उद्यापर्यंतची मुदत होती, पण निर्णय झाल्यावर थांबणं हे त्यांच्या मते धंद्यातलं पाप होतं. ते नेहमीच्या ऐटीत हिंदीत बोलले. माफ करा, सौदा होणार नाही. आमचा सल्लागार नाही म्हणतो.

पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. कोणता सल्लागार, लंडनचाच ना, मी त्याच्याशी बोलतो, त्याचा नंबर द्या, असं काहीतरी.

हारूनभाईंनी टेबलापलीकडं पाहिलं. फखरुन्निसा चमच्यानं सांदण मोडत होती आणि त्यांच्याकडं बघत नव्हती.

"तुम्ही ओळखणार नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "बाई आहेत. पस्तीस वर्षांचा अनुभव आहे."